चंद्रविलासचा डाळिंबी पडदा

खतीजाला कुणी नुसतं "कशी आहेस?" असं विचारलं, तरी तिसऱ्या वाक्याला ती चंद्रविलास नाट्यमंदिरापाशी येऊन पोचायची. दाढ दुखते म्हणून दवाखान्यात गेली, तरी डॉक्टरांना सांगायची, "चंद्रविलासचा पडदा माझ्या अब्बांनी शिवलेला, बरं का!" डॉक्टर बिचारे म्हणायचे, "आ करा." मोहल्ल्यातल्या पोरी तिला पाठीमागे 'पडदेवाली खाला' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पनवेलात त्या काळी दुसऱ्याच वेडाची साथ आली होती. विमानतळ येणार, विमानतळ येणार, म्हणून करंजाड्यापासून बेलपाड्यापर्यंत जो तो जमिनीच्या भावावर बोलायचा. त्या गदारोळात ही एक बाई मखमलीच्या पडद्याविषयी बोलत असे.

पण तो पडदाही तसाच होता हो!

चंद्रविलास म्हणजे खाडीकाठचं जुनं थेटर. एका मिठागरवाल्या शेठने नाटकाच्या नादापायी बांधलेलं. शेठला स्वतः रंगमंचावर उभं राहायची भारी हौस, पण आवाज असा चिरका की कुठली कंपनी त्याला उभं करीना. मग त्याने कंपन्याच आपल्या दारात आणल्या. लाकडी खांब, कौलारू छप्पर, पुढे खुर्च्या, मागे बाकं, वर बायकांची गॅलरी, आणि दर्शनी भिंतीवर चुन्यात घडवलेला हा एवढा मोठा चंद्र. कोकणात उतरणाऱ्या नाटक कंपन्या पहिला मुक्काम इथे करत, म्हणून पनवेलकर स्वतःला मोठे दर्दी समजत. नाटक पडलं तर कंपनीचं चुकलं, आणि चाललं तर पनवेलकरांचा कान तयार, असा सगळा सोयीचा मामला.

थेटराची पाठ खाडीकडे. मागचा मोठा दरवाजा खेळ चालू असताना कायम उघडा, नाहीतर आतल्या उकाड्यात राजे-राण्या उकडून निघाल्या असत्या. भरती लागली की वारा त्या दारातून आत शिरायचा आणि पडदा प्रेक्षकांच्या बाजूला शिडासारखा टच्च फुगायचा. मग तिसऱ्या घंटेची वाट कोण बघतो! पडदा फुगला की मागच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू.

वाऱ्याबरोबर आणखी एक पाहुणा यायचा. थेटराला लागूनच कोळीवाडा, आणि तिथे मासळी सुकवायची खळी, म्हणजे सारवलेली मोठाली अंगणं. तिथल्या बोंबील-जवळ्याचा वास पडद्याच्या मखमलीत कायमच्या मुक्कामाला आला होता. एकदा मुंबईची एक नटी विंगेत नाकाला पदर लावून म्हणाली, "अगं बाई, हा वास कसला?" पडद्याचा दोर ओढणारा दादू कोळी हातातला दोर सोडून चारी कोपरे हुंगून आला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "कुटला वास?" त्याचंही बरोबरच होतं. जन्मल्यापासून नाकात असलेल्या वासाला माणूस वास म्हणत नाही, हवा म्हणतो.

पडदा शिवला तो खतीजाच्या अब्बांनी, इस्माईल मास्तरांनी. थेटराच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान. सरदाराचा अंगरखा उसवला, नायिकेच्या शालूची जर निघाली, की माणूस धावत इस्माईल मास्तरांकडे. आधी चंद्रविलासला रंगवलेला गुंडाळीचा पडदा होता. त्यावर सरोवर आणि राजहंस. एका पावसाळ्यात छप्पर गळलं, रंग ओघळले आणि राजहंसांची बदकं झाली. तेव्हा शेठच्या मुलाने मुंबईहून डाळिंबी मखमल आणून मास्तरांच्या पुढ्यात टाकली.

खतीजा तेव्हा आठेक वर्षांची. मशीनखाली, अब्बांच्या पायांशी तिची बसायची जागा. वरून मखमलीचा डोंगर उतरायचा आणि ती त्यात बुडून जायची. शेवटी शेवटी तिने हट्टच धरला, एक टाका मी घालणार. अब्बांनी डाव्या हाताचा खालचा कोपरा तिला दिला. टाका असा काही वाकडा गेला की बघणारा म्हणेल, खेकडा चालून गेला. पोर लागली रडायला. अब्बा हसले. "रडतेस कशाला? एवढ्या मोठ्या कामात एक टाका वाकडा हवाच. बिनचूक काम फक्त अल्लाचं. आपण बिनचूक केलं की नजर लागते." तो टाका त्यांनी उसवला नाही. त्यानंतर कुठल्याही मोठ्या कामात ते एक टाका मुद्दाम वाकडा ठेवत.

चंद्रविलासची एक रीत होती. नव्या नाटकाचा नारळ फुटला की खोबऱ्याचा पहिला तुकडा पडदा शिवणाऱ्याला. पडद्याचा मान म्हणत त्याला. मास्तर विंगेत टोपी सारखी करून उभे राहायचे, दोन्ही हातांनी तुकडा घ्यायचे आणि त्यातला अर्धा लेकीला द्यायचे. त्या अर्ध्या तुकड्याच्या जोरावर खतीजा मदरशात आणि शाळेत दोन्हीकडे मिरवायची.

लग्न झालं, दाऊद कुवेतला गेला. तिकडून सुटीवर आला की पहिले चार दिवस नाक मुरडायचा. "खतीजा, मोहल्ला वास मारतोय गो!" पाचव्या दिवशी जेवताना सुकट मागायचा. इकडे अब्बा गेल्यावर दुकान खतीजाने चालवलं. शाळेचे गणवेश, निकाहचे शरारे, कोळणींच्या चोळ्या, आणि संध्याकाळी थेटरात कपडेपट. नाटकं तिने अमाप पाहिली, पण सगळी विंगेतून, बाजूने. नायकाचा डावा गाल तिला पाठ, उजवा कधी दिसला नाही. तिकीट काढून समोर बसायचं कुणी सुचवलं तर म्हणायची, "आपल्याच घरात पाहुण्यासारखं बसू?"

मग दोन हजार पाचच्या जुलैमधला तो पाऊस आला. खाडी उठून थेटरात शिरली. पाणी ओसरल्यावर खतीजा आणि दादू चिखल तुडवत आत गेले, तर पडदा कमरेपर्यंत गाळाने माखलेला. उतरवायला हात लावला तर भिजलेल्या पापडासारखा हातात आला. दादू ढसाढसा रडला. खतीजा रडली नाही, इतका राग आला होता तिला. पावसावर रागावून उपयोग नसतो, म्हणून ती दादूवर रागावली. पुढे थेटराला कुलूप लागलं, आणि गावभर बोलणं सुरू झालं की आता इथे टॉवर येणार.

टॉवर आला नाही, याचं श्रेय कमलाकर अण्णांना. हे गावच्या नाट्यमंडळाचे अण्णा म्हणजे जन्मभर म्हाताऱ्याच्या भूमिका करून करून शेवटी खरोखरचे म्हातारे झालेले गृहस्थ. त्यांनी समिती केली, उंबरे झिजवले, मंत्र्यांच्या सत्कारांना हार घेऊन गेले, न बोलावता भाषणं केली. वर्षं गेली, पण अखेर काम सुरू झालं. दर्शनी भिंत आणि तिच्यावरचा चंद्र तेवढा ठेवला. आत सगळं नवं. गुबगुबीत खुर्च्या, गारेगार एसी, काचेची दारं. लोक बघायला येत आणि म्हणत, "छान आहे हो, पण बँकेत आल्यासारखं वाटतं." अण्णा वरून हसायचे. आतून त्यांना ते लागायचं.

उद्घाटन पाडव्याला ठरलं. पडदा मुंबईचा ठेकेदार आणणार, तयार, विजेवर उघडणारा. हे खतीजाला बाजारात कळलं. हातातली मेथीची जुडी तिथेच टाकून ती तडक अण्णांच्या घरी.

"अण्णा, पडदा मी शिवणार."

"अगं खतीजा, ते आता मशीनवर, कारखान्यात..."

"माझ्याकडे पण मशीनच आहे. अब्बांचं."

"वय काय तुझं?"

"तुमच्यापेक्षा कमी. तुम्ही थेटर बांधताय, मी नुसता पडदा शिवणार आहे."

अण्णांनी कान खाजवला, चष्मा पुसला. मग म्हणाले, "असं करू. कापड समितीचं, शिलाई तुझी. पण ठेकेदाराचा पडदा पेटीत तयार राहील. आदल्या दिवशी समिती तुझा पडदा बघेल. पास झाला तर तुझा लागेल, नाही तर त्याचा. मग रागावायचं नाही."

"रागावणार," खतीजा म्हणाली, "पण कबूल."

आणि मग त्या घरात काय धमाल उडाली! मुंबईला जाऊन मखमल आणली. दुकानदाराने तागे उलगडले, खतीजा डोळे मिटून प्रत्येकावरून हात फिरवी आणि मान हलवी. दुकानदार वैतागून दाऊदला म्हणाला, "चाचा, यांना दिसत नाही का?" दाऊद म्हणाला, "दिसतं, म्हणून तर घेत नाहीत." शेवटी एका डाळिंबी ताग्यावर तिचा हात थांबला आणि तिथेच राहिला.

अब्बांची शिकवण होती, लव सगळीकडे एकाच दिशेला. मखमलीची लव एका पट्ट्याला वर आणि दुसऱ्याला खाली गेली, की दिव्याखाली एक पट्टा डाळिंबी दिसतो आणि शेजारचा वांगी. खतीजा प्रत्येक पट्ट्यावर खडूने बाण काढायची आणि सून जास्मीनला तीनतीनदा विचारायची, "बाण कुठे?" जास्मीनला झोपेतही बाण दिसायला लागले. जेवणं मशीनच्या बाजूला, पाहुणे मखमलीच्या ढिगावर. दाऊदला चहा हवा असला तर स्वतः करून घ्यावा लागे, आणि वर खतीजालाही द्यावा लागे. साठी उलटलेली बाई, पण अशी सळसळत होती की शेजारणी विचारायच्या, घरात लगीन आहे का?

वाकडा टाका मात्र तिने ठेवला नाही. मनात आलं होतं. पण मुंबईच्या पडद्याशी सामना, समिती बारकाईने बघणार. ती स्वतःशीच म्हणाली, "माफ करा अब्बा, यावेळी सगळे सरळ."

पट्टे शिवून झाले आणि अडचण उभी राहिली. सगळे जोडायचे, तळाची घडी घालायची, तर एवढा पडदा पसरायचा कुठे? मोहल्ल्याचा हॉल निकाहांनी भरलेला. गच्ची पुरेना. तेव्हा सोनाबाई मदतीला आली. सोनाबाई म्हणजे दादू कोळ्याची बायको, खतीजाची लहानपणापासूनची मैतरीण. सकाळी मासळी विकून रिकामी पाटी डोक्यावर घेऊन ती दारात उभी राहिली.

"काय गो, त्वांड का असं?"

खतीजाने अडचण सांगितली.

"मंग आमचं खळं काय मेलंय?"

"अगो, तिथे तुझे बोंबील!"

"बोंबील ऱ्हातील चार दिस भावाकडं. पावनेच हायत ते. थेटर काय तुज्या एकटीचं हाय? माज्या घरवाल्यानं दोर वडून वडून हाताची सालं काडली तितं!"

सोनाबाईने खळं रिकामं केलं. झाडलं, धुतलं, शेणाने सारवलं, उन्हात खडखडीत वाळवलं. वर ताडपत्र्या अंथरल्या, पाण्याने स्वच्छ धुऊन. याच ताडपत्र्या एरवी सुक्या मासळीवर झाकलेल्या असतात, हे दोघींपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. डोळ्यांना त्या स्वच्छ दिसत होत्या. मग त्यावर डाळिंबी मखमल पसरली, आणि कोळीवाडा नुसता बघत राहिला. जाळी विणणाऱ्या बायका आपापल्या सुया घेऊन आल्या. मोहल्ल्यातल्या पोरी आल्या. कोळणींची गाणी आणि पोरींचं खिदळणं यांत तळाची घडी पुढे पुढे सरकत गेली. पडदा झुलू नये म्हणून घडीत वजन घालावं लागतं. अब्बांच्या पडद्यात जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या होत्या, म्हणून दादूने याही पडद्याला आपल्या जुन्या जाळ्यांच्या गोळ्या काढून दिल्या. चार दिवस, चार रात्री ती मखमल खळ्यावर नांदली. चौथ्या दिवशी दाऊद जेवणाचा डबा घेऊन आला, पडद्याशी वाकला, हुंगलं आणि म्हणाला, "वा! नव्या कापडाचा वास काही औरच." कुवेतहून कायमचा परत येऊन त्याला पाच वर्षं झाली होती. त्याचं नाकही आता पुरतं पनवेलकर झालं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी सोनाबाईच्या मुलाने, परेशने, आपल्या टेम्पोतून पडदा थेटरात आणला. टांगला. दिवे लागले. आणि खरं सांगतो, काय तो रंग! वरपासून खालपर्यंत डाळिंब फोडून ठेवल्यासारखा. कुठे जोड दिसेना, कुठे सुरकुती नाही. समितीने टाळ्या वाजवल्या. खतीजाचा जीव भांड्यात पडला. ठेकेदाराच्या माणसानेही मान डोलावली आणि म्हणाला, "एसी लावून बघू या."

काचेची दारं बंद झाली. एसी सुरू झाला. थोड्या वेळाने पहिल्या रांगेतल्या एका सभासदाने रुमाल काढला. मग दुसऱ्याने. अण्णा आधी चुळबुळले, मग उठून पडद्यापाशी गेले. अण्णांच्या घराण्यात सात पिढ्या कुणी मासळीला शिवलेलं नाही. त्यांचं नाक या बाबतीत फार तल्लख.

"खतीजा," ते हळूच म्हणाले, "याला सुकटीचा वास येतोय."

खतीजाला वाटलं, चेष्टा. तिने पडद्यात तोंड खुपसून खोल श्वास घेतला. काहीच नाही. पुन्हा घेतला. मखमल, खडू, मशीनचं तेल, बस्स. तिने सोनाबाईकडे बघितलं. सोनाबाईने हुंगलं आणि मान हलवली. दादू तर काय, जुनाच गडी. तिघंही पडद्याला नाक लावून उभी आणि समोर सगळी समिती नाकाला रुमाल लावून बसलेली!

"मला नाही येत, अण्णा. अल्लाची कसम, मला नाही येत," खतीजा म्हणाली. तेवढ्यात तिला ताडपत्र्या आठवल्या. शिशाच्या गोळ्या आठवल्या.

अण्णांनाही वाईट वाटलं. पण उद्या पाहुणे येणार, मुंबईचे नट येणार. "उद्या दुपारपर्यंत वास घालव," ते म्हणाले. "नाही गेला तर मात्र माझा नाइलाज आहे."

मग जो तो वासाच्या मागे लागला. दाऊदने कुवेतहून आणलेलं, लेकीच्या निकाहलाही न उघडलेलं ऊदाचं अत्तर आणून शिंपडलं. मोहल्ल्यातून लोबानाची धुरी आली. अण्णांच्या घरून कापराच्या वड्या आल्या. सोनाबाईने कडुलिंबाचा पाला जाळला. सकाळी ठेकेदाराचा माणूस आला, दारातच थबकला आणि म्हणाला, "काल नुसती मासळी होती. आज मासळीचं लग्न लागलंय."

हसू आलं सगळ्यांना, पण खतीजाला नाही. ती विंगेत एका स्टुलावर बसली होती. "सोनाबाय, अब्बा सांगायचे, एक टाका वाकडा ठेव, नजर लागत नाही. मी तोऱ्यात राहिले. नाही ठेवला."

सोनाबाई तिच्याजवळ खाली बसली. "तू ठेवला नाय, म्हून आमच्या बोंबलांनी ठेवला," ती म्हणाली. मग तिचे स्वतःचेच डोळे भरून आले. "माजंच चुकलं गो. माज्या खळ्यानं घात केला."

दुपारी समिती आली. कुणी काही बोलायच्या आत ठेकेदाराच्या माणसांनी पेटी उघडायला घेतली. खतीजा उठली, पदर सारखा केला आणि अण्णांसमोर उभी राहिली.

"काढा, अण्णा. कबूल केलंय, मोडणार नाही. पण एकदा मागचं दार उघडा. आत्ता भरती लागेल. अब्बांचा पडदा फुगायचा तसा माझा एकदाच फुगू दे. मी बघते, मग खुशाल काढा."

यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? सामान आत घ्यायचा मागचा मोठा दरवाजा उघडला. वारा आत आला पाहिजे तर तो बाहेरही गेला पाहिजे, म्हणून दादूने पुढची काचेची दारंही सताड उघडली. एसी बंद केला. आणि सगळे समोर उभे राहिले; खतीजा तेवढी सवयीने विंगेत.

आधी काहीच नाही. मग तळाच्या शिशाच्या गोळ्या लाकडी फळ्यांवर किंचित वाजल्या. कोपरा हलला. खाडीवरून वारा आला, बुजत बुजत, आठ वर्षांनी माहेरी यावं तसा, आणि एकदम मुसंडी मारून त्याने पडद्याला उचललं. पडदा फुगला! अख्खा, वरपासून खालपर्यंत, टच्च! दादूने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की छपरावरची कबुतरं उडाली.

आणि गंमत पुढेच आहे. उद्घाटनाला जागा मिळावी म्हणून गावातली मंडळी दुपारपासूनच बाहेर रांगेत उभी होती. वारा पडद्यातून निघाला, खुर्च्यांवरून गेला, काचेच्या दारांतून बाहेर पडला आणि त्या रांगेवर आदळला. काठी टेकून उभे असलेले एक आजोबा ताठ झाले. "अरे, थेटर उघडलं!" ते ओरडले. एक आजी मैत्रिणीचा हात धरून म्हणाली, "आला बघ! आला चंद्रविलासचा वास! गॅलरीत बसायचो तेव्हाचा!" मग कुठली रांग आणि कुठलं काय! म्हातारी माणसं आधी आत घुसली, रखवालदार बाजूला झाला, आणि फुगलेला पडदा बघून साठी-सत्तरीचे लोक बाकांवरच्या पोरांसारखे शिट्ट्या मारायला लागले. ज्यांना आठवडाभर हे थेटर बँकेसारखं वाटत होतं, ते खुर्च्यांवरून हात फिरवत एकमेकांना सांगायला लागले, "मी इथे बसायचो," "मी त्या खांबामागे," "इथे तर मला ही पहिल्यांदा दिसली."

अण्णा मधोमध उभे होते. त्यांचा चष्मा धुरकटला होता. ठेकेदाराचा माणूस जवळ येऊन म्हणाला, "साहेब, आमचा पडदा चढवायचा ना? पाहुणे यायच्या आत. या वासाचं काय?"

सात पिढ्यांच्या शाकाहारी कमलाकर अण्णांनी छाती भरून श्वास घेतला.

"कुठला वास?" ते म्हणाले.

संध्याकाळी नारळ फुटला. पहिला तुकडा कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. खतीजाने दोन्ही हातांनी घेतला आणि त्यातला अर्धा सोनाबाईच्या हातावर ठेवला. मग ती सवयीने विंगेकडे वळली, तर अण्णांनी वाट अडवली. "आज तिकडे नाही. आज समोर." तिसऱ्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. खतीजा दाऊदच्या शेजारी अवघडून बसली, पाहुण्यासारखी. एसी बंदच ठेवला होता. बाहेरगावचे पाहुणे घाम पुसत होते आणि पनवेलकर मजेत होते. पडदा उघडायच्या विजेच्या कळीवर दादूला बसवलं होतं. दोर नाही म्हणून तो सकाळी रुसला होता. पण तिसरी घंटा झाली तेव्हा त्याने कळ दाबतानाही अंगाचा सगळा भार मागे टाकला, दोर ओढल्यासारखा.

पडदा फुगला, शिट्ट्या झाल्या, आणि तो दोन्हीकडे सरकत उघडला. इतका वेळ त्याच्या पोटात अडलेला वारा एकदम खाली उतरला आणि खतीजाच्या तोंडावर आला. जन्मभर तो तिच्या पाठीवरून पडद्याकडे गेला होता. पडद्यातून गाळून समोर येणारा वारा तिने कधी घेतलाच नव्हता.

तिला वास आला.

आधी कळेना कसला. मग कळलं. मशीनखाली बसून ती अब्बांच्या गुडघ्यावर डोकं ठेवायची, तेव्हाच्या त्यांच्या लुंगीचा. उचलून घेत तेव्हा सदऱ्याच्या गळ्याशी यायचा तो. अब्बा गेल्यावर तिने तो किती शोधला होता! त्यांच्या टोपीत, अत्तराच्या रिकाम्या कुपीत, दुकानाच्या खणांत. कुठे मिळाला नाही, म्हणून समजूत घालून घेतली होती की माणसाबरोबर गेला. आणि तो सगळा वेळ तिच्या चहूबाजूंना होता, हवा होऊन.

तिने दाऊदचा हात घट्ट धरला. "वास येतोय," ती म्हणाली.

दाऊदने इकडेतिकडे हुंगलं. "कसला गो? मला तर नाही येत."

"अब्बांचा," खतीजा म्हणाली.

समोर नाटक सुरू झालं होतं. जन्मात पहिल्यांदा समोर बसून बघायचं नाटक, आणि त्याचा पहिला प्रवेश तिने डोळे मिटूनच काढला.